रस्त्याकडेची आळी आणि बोट लांबवलेला हौद

पागोळी (मूळ धागा)

आई तीन महिन्यांसाठी सिअ‍ॅटलला आली आहे. कोकणातली बाई. आल्यापासून रोज विचारते, "तुमच्या गावात पाऊस फार म्हणे, तो कुठाय?" बाहेर भुरभुर चालूच असते, पण तिच्या लेखी तो पाऊस नव्हे, दव.

गेल्या शनिवारी तिला बेलटाउनातल्या व्हाइन स्ट्रीटवर नेलं. उतरता रस्ता आहे, थेट एलियट बेच्या दिशेने जातो. एका इमारतीच्या छपराचं पाणी घेऊन खाली येणारा नळ तिथे भिंतीला चिकटून गटारात जात नाही, तो पुढे येतो. त्याच्यासमोर माणसाहून उंच, धातूचा गोल हौद कलता उभा आहे. हौदाच्या माथ्याला हाताचा पंजा आहे आणि त्यातलं एक बोट नळाकडे लांबवलेलं. मायकेलअँजेलोच्या चित्रात देवाच्या बोटाकडे अ‍ॅडमचं बोट जातं ना, अगदी तसं. पाणी नळातून बोटात, बोटातून हौदात, तिथून पुढे झाडांना. बस्टर सिम्पसन या शिल्पकाराचं २००३ चं काम.

आई दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "अगो, ही पन्हळ आहे."

खरंच पन्हळ. आजोळी पोफळीचं खोड मधोमध चिरून, आतला गर काढून वळचणीखाली टांगायचे. तिच्या तोंडाशी दोण, आणि दोण भरून वाहिली की पाणी पाटाने माडांच्या आळ्यात. मी तिला विचारलं, हा हात नसता आणि नुसता नळ नि पिंप असतं तर तू थांबली असतीस का? म्हणाली, "कशाला? पन्हळ काय बघायची?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. व्हाइन स्ट्रीटची कल्पना काही पालिकेने आणलेली नव्हती. १९९०च्या दशकात तिथल्या रहिवाशांनी आणि इमारतवाल्यांनी मिळून 'ग्रोइंग व्हाइन स्ट्रीट' सुरू केलं. शहराच्या या जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस आला की नळाला झेपत नाही आणि सगळं मिळून खाडीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: छपराचं आणि रस्त्याचं पाणी नळात जाऊच देऊ नका, उतारावरून टप्प्याटप्प्याने झाडांतून खाली न्या, आणि ते जाताना लोकांना दिसू द्या. खालच्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांची कुंडं आहेत, शेजारी लोकांनी भांडून वाचवलेली सामायिक भाजीबाग आहे आणि १९१६ च्या तीन छोट्या कामगार-खोल्या आहेत. काम तुकड्यातुकड्याने झालंय. काही ठिकाणी नुसता नेहमीचा रस्ता.

इथे असल्या खोलगट वाफ्यांना रेन गार्डन म्हणतात. मी घरी आळं म्हणते. रस्त्याचं आळं.

तुमच्या गावी असं काही आहे का? आणि असेल तर त्यातला गाळ कोण काढतं? (हा प्रश्न आईचा.)

उंडगा

विषय भारी. फोटो दिसत नाहीत.

पागोळी

अरे देवा. रात्री बघते.

तिरकस

चित्र काढलं की पाणी मुरतं हे माहीत नव्हतं. आमच्या चौकातल्या भिंतीवरही पालिकेने निसर्ग रंगवलाय. हरणाच्या तोंडावर कुणीतरी नेम धरून पान थुंकलंय. पाणी अजून तुंबतंय.

निवृत्त_ओव्हरसिअर

धागा वाचला. चौतीस वर्षं रस्ते आणि गटारं यांतच गेली, म्हणून दोन शब्द. कडू वाटले तर सोडून द्या.

सिअ‍ॅटलला वर्षाचा पाऊस साधारण ९५० मिलिमीटर, तोही भुरभुरत, महिनोन्‌महिने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला. म्हणजे पागोळीताईंचं सबंध वर्ष चोवीस तासांत. त्यांची आळी आपल्याकडे आणून बसवाल तर पहिल्या जुलैत वाफा, झाडं आणि तो हात असं सगळं नाल्यात सापडेल.

दुसरं, जमीन. पुण्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली खडक. काळी माती ओली झाली की फुगते आणि दार लावून घेते. तिच्यात फूटभर खणून आळं केलंत तर ते आळं नाही, डबकं. मुरमापर्यंत जायला हवं, आणि तिथेही मुरेलच याची खात्री खणल्याशिवाय नाही. दर पन्नास फुटांवर जमीन बदलते.

तिसरं, गाळ. तुमच्या आई बरोबर बोलल्या. आपल्या रस्त्यावरून पाण्याबरोबर काय येतं? माती, बांधकामाची वाळू, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य. इनलेट, म्हणजे पाणी आत शिरायचं तोंड, एका पावसात बंद.

चौथं, डेंग्यू. साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

कलेला माझा विरोध नाही. पण ढाळ चुकला तर कला वाचवत नाही.

उंडगा

काकांशी सहमत. +१

नागफणी

मी टूसॉनमध्ये, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. आमचा वर्षाचा पाऊस २८० मिलिमीटरच्या आसपास. पण काका, तो भुरभुरत नाही हां. उन्हाळ्यातल्या मान्सूनमध्ये (इथेही मान्सूनच म्हणतात) अर्ध्या तासात रस्त्याची नदी होते आणि तासाभरात पुन्हा धूळ. त्यामुळे तुमचा जोराच्या पावसाचा मुद्दा मला जवळचा.

आमच्याकडे डनबार-स्प्रिंग नावाची जुनी वस्ती आहे. १९९६ पासून तिथले लोक दरवर्षी स्वतः झाडं लावतात. ब्रॅड लँकेस्टर तिथलाच रहिवासी. त्याच्या लक्षात आलं की झाडं फूटपाथकडेच्या कोरड्या पट्टीत पाण्यावाचून तडफडतात आणि हाताच्या अंतरावर, कर्बच्या (रस्त्याच्या कडेच्या उंच काठाच्या) पलीकडून, पाणी वाहून जातं. मग त्याने कर्बला खाच पाडली. परवानगी नव्हती, मिळणारही नव्हती. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, काम उरकलं असं तो सांगतो. पुढे पालिकेशी बोलत बोलत २००७ ला ते कायदेशीर झालं, आणि २०१३ पासून शहराचं धोरणच आहे की नवा रस्ता केला किंवा जुना नव्याने बांधला तर पावसाचं पहिलं अर्धा इंच पाणी रस्त्याकडेच्या झाडांना मिळालं पाहिजे.

अर्धा इंच म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर. मेख इथेच आहे. ही आळी पूर थांबवायला नसतातच. खाच एकच ठेवायची, आत येण्याची. आळं रस्त्यापेक्षा खोल. भरलं की नवीन पाणी आत शिरत नाही, खाचेवरून पुढे निघून जातं, पुढच्या आळ्याकडे, नाहीतर गटाराकडे. धो धो पडेल तेव्हा तुमचं गटार आहेच. पण पहिल्या सरीचं पाणी, ज्यात रस्त्यावरचं तेल आणि सगळी घाण असते, ते मातीत अडकतं.

झाडं बहुतेक मेस्किट, म्हणजे आपल्या शमीची जवळची भावंडं. शेंगा वाळवून दळतात, पीठ गोडसर लागतं. मी थालीपिठाच्या भाजणीत मूठभर घालते. सासूबाईंना सांगितलेलं नाही. चौकांतल्या गोल बेटांवर शिल्पं आणि मोझॅक आहेत, काही सुंदर, काही भंगारातून उचलल्यासारखी. वस्तीचं आहे, चालायचंच.

अवांतर: २०२० पासून पाणीपट्टीत यासाठी छोटा आकार लागला आहे, सामान्य घराला महिन्याला सुमारे एक डॉलर. देखभाल त्यातून. तेव्हा गाळाचं उत्तर आमच्याकडे निदान कागदावर आहे.

निवृत्त_ओव्हरसिअर

एकच तोंड आणि भरलं की पाणी आपोआप पुढे, हे पटलं. साधं आहे. खाचेची कड रस्त्याच्या पन्हळीच्या तळाशी असली तरच चालेल, वर राहिली तर पाणी ढुंकूनही बघणार नाही.

सोनचाफा

पोर्टलंडहून. गाळ मी काढते.

विनोद नाही. इथे रस्त्याकडेचे असे दोन हजारांच्या वर वाफे आहेत आणि पालिका रहिवाशांना ते दत्तक देते. माझ्या घरासमोरचा माझ्याकडे. रोपं उपटायची नाहीत, मोठी माती हलवायची नाही, ते त्यांचं काम. मी फक्त तोंड मोकळं ठेवायचं. नोव्हेंबरात मेपलची पानं पडतात, पंजाएवढी आणि ओली. एकावर एक बसून खाचेसमोर चामड्यासारखा पापुद्रा धरतात. खुरप्याने उचकटला की मागे अडलेलं पाणी एकदम आत धावतं. गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. समोरचा म्हातारा खिडकीतून अंगठा दाखवतो. दहा वर्षांत आमचं एवढंच बोलणं.

डासांचं म्हणाल तर पाणी दोन दिवसांत मुरलंच पाहिजे हा नियम. नाही मुरलं तर फोन करायचा.

आता तिरकस यांना. रंगाने पाणी मुरत नाही, बरोबर. पण इथे क्रम उलटा होता. १९९६ ला सेलवूड भागातल्या एका चौकात शेजाऱ्यांनी रस्त्यावरच मोठं चित्र रंगवलं, कोपऱ्यावर चहाचा कट्टा आणि पुस्तकांची पेटी ठेवली. पालिका आधी नाही म्हणाली, मग तिनेच त्यासाठी नियम केले. त्या मंडळींमधून 'सिटी रिपेअर' उभं राहिलं. असे चौक आता बरेच आहेत. टायरखाली रंग झिजतो, मग उन्हाळ्यात रस्ता बंद करून सगळे पुन्हा रंगवतात. आमच्या गल्लीतही असंच झालं. वाफा दत्तक घ्यायची यादी त्या रंगाच्या दिवशीच फिरली, पाठीला निळा रंग लागलेल्या कुणीतरी पेन दिलं आणि मी सही केली. नुसतं पालिकेचं पत्र आलं असतं तर मी ते फ्रिजवर लावून विसरले असते.

आणि सगळंच काही हौशी नाही. १९९३ ते २०११ मध्ये शहराने घरोघरच्या छपरांचे ५६ हजारांहून जास्त नळ गटारापासून तोडून अंगणात वळवले. त्याच काळात १.४ अब्ज डॉलर खर्चून अजस्र भुयारी नळही बांधला. दोन्ही लागलं. फक्त फुलझाडांनी शहर वाचलं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तिरकस

हरिण कुणी रंगवलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, हेही खरं.

गोडं_पाणी

माझं क्षेत्र मासे, म्हणून एवढंच जोडतो.

सिअ‍ॅटलच्या ओढ्यांत कोहो सामन समुद्रातून अंडी घालायला परत येतात. पाऊस पडला की त्यातले कितीतरी अंडी घालण्याआधीच मरायचे. भोवंडल्यासारखे गोल फिरत, पृष्ठभागावर आ वासून. काही ओढ्यांत निम्म्याहून जास्त. पंचवीसेक वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये सापडलं: टायर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी हे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन दुसरंच विष तयार होतं, टायरच्या झिजेबरोबर ते रस्त्यावर उतरतं आणि पावसाने ओढ्यात जातं.

याच्या पाच वर्षं आधी, विषाचं नाव माहीत नसताना, इथल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. हमरस्त्यावरून वाहिलेलं पाणी एका टाकीत तसंच सोडलं, दुसऱ्या टाकीत तेच पाणी मातीच्या थरातून गाळून. पहिल्या टाकीतले मासे काही तासांत मेले. दुसऱ्यातले जगले. माती कसली, तर ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट. रस्त्याकडेच्या आळ्यांत घालतात तीच.

ओव्हरसिअर काका, तुमच्या काळ्या मातीचा मुद्दा इथे बसतो. आहे ती माती ठेवायचीच नाही, काढून हे मिश्रण भरायचं. खाली मुरतच नसेल तर तळाशी भोकाचा पाइप टाकून गाळलेलं पाणी पुढे सोडायचं. मुरलं नाही तरी गाळलं गेलं.

पागोळी

आईला वाचून दाखवलं. माशांचं ऐकून ती गप्प झाली.

काकांच्या "दर पन्नास फुटांवर जमीन बदलते"ला इथलंच उदाहरण देते, दोन्ही बाजूंचं. २००१ ला शहराच्या उत्तर भागात सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा एक तुकडा मुद्दाम वळणावळणाचा आणि चौदा फुटांपर्यंत अरुंद केला. दोन्ही कडांना खोलगट पट्टे, शंभरावर झाडं, अकराशे झुडपं. मोजलं तर वाहून जाणारं पाणी ९८-९९ टक्के कमी झालेलं. मग उत्साह आला. २०१० मध्ये बॅलर्ड भागात घरांपुढे तशी आळी खणली आणि त्यातली बरीच भरली ती भरलीच. पाणी हटेना. लोक चिडले, पोरं पडतील म्हणाले, शेवटी काही बुजवावी लागली. एकच शहर, तोच पाऊस. जमिनीची चाचणी पुरेशी झाली नव्हती.

कोथरूडचा_कोपरा

इतके दिवस नुसता वाचत होतो. आमचंही एक आळं आहे. लाज वाटत होती म्हणून बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या कुंपणाबाहेरच्या पट्टीतले पेव्हर ब्लॉक काढले. सहा मीटर लांब, मीटरभर रुंद. काका म्हणतात तसंच मुरूम लागेपर्यंत खणलं, तो कमरेइतक्या खोलीवर लागला. वाळू-खत भरलं, वरची वीतभर जागा मोकळी सोडली. कर्दळ, वाळा, अडुळसा लावला. कर्बला खाच पाडून घेतली, रीतसर विचारून. मुलांनी फूटपाथवर पांढऱ्या-निळ्या रंगात मासे काढले, ओढ्यापर्यंत. पहिला पावसाळा झकास गेला. गेटपाशी घोट्याएवढं साठायचं ते साठलं नाही.

मग रस्ता सिमेंटचा झाला. काम संपलं त्या संध्याकाळी कामगार उरलेला माल घेऊन कर्बला फिनिशिंग करत आला आणि आमची खाच त्याने प्रेमाने लिंपून टाकली. वरून थापीने गुळगुळीत. त्याची चूक नाही, त्याला ते भगदाड दिसलं. आम्ही कार्यालयात गेलो. रस्ता एका खात्याचा, कर्ब दुसऱ्याचा, झाडं तिसऱ्याची. चार खेपा झाल्या. मग टूसॉनच्या माणसासारखं एका रविवारी छिन्नी-हातोडी घेऊन आम्हीच फोडली.

पण पाणी आत येत नाही. खाचेसमोरून सरळ निघून जातं. यंदा कर्दळीला बादलीने पाणी घातलं, भर पावसाळ्यात. बायको हसते.

निवृत्त_ओव्हरसिअर

खाच वर राहिली आहे. नवीन रस्त्याचा ढाळ बदलला असणार.

मी वारज्याला असतो. रविवारी सकाळी आठला येतो. पत्ता खाजगी निरोपात कळवा. दहा मीटर लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची नळी) माझ्याकडे आहे. छिन्नी तुमची.

उंडगा

काका!!

कोथरूडचा_कोपरा

निरोप पाठवला. चहा-पोहे आमच्याकडे.

निवृत्त_ओव्हरसिअर

जाऊन आलो. वृत्तांत असा.

ट्यूबमध्ये पाणी भरून एक टोक खाचेत, दुसरं रस्त्याच्या कडेला धरलं. खाचेची कड रस्त्याच्या कडेपेक्षा २२ मिलिमीटर वर. कॅम्बर, म्हणजे रस्त्याचा मधून कडेकडचा उतार, तोही बदललाय, पाणी आता कर्बपासून हातभर लांबून वाहतं. खाच ३० मिलिमीटर खाली घेतली आणि तिच्या खालच्या अंगाला सिमेंटचा हातभर तिरका बांध घातला, वाहतं पाणी अडून आत वळेल असा. तोंडाशी आत चार चपटे दगड टाकले, म्हणजे गाळ तिथेच बसेल आणि घमेल्याने काढता येईल. गाळ कोण काढणार याचं वेळापत्रक सोसायटीच्या फळ्यावर लिहून घेतलं. पहिलं नाव सेक्रेटरीचं. तो तयार नव्हता, पण पोहे खात होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

एक गोष्ट राहिली. मुलांनी काढलेले मासे मी बघितले. सगळ्यांची तोंडं ओढ्याकडून सोसायटीकडे. मी म्हटलं, बाळांनो, मासे उलटे काढलेत, पाणी तिकडे जातं. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, ते चढणीचे आहेत."

आयुष्यभर ढाळ बघितला, हे सुचलं नव्हतं.

गोडं_पाणी

सामनही चढणीचाच.

पागोळी

आई म्हणते, आमच्याकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. पहिल्या मोठ्या पावसात शेतात चढायचे, पोरं टोपल्या घेऊन धावायची. त्या मुलीला कुणी सांगितलं असेल, असं तीनदा विचारून झालं.

कोथरूडचा_कोपरा

मुलीची आजी भोरकडची आहे, तिने.

काल रात्री परतीचा पाऊस झाला, पाऊण तास. छत्री घेऊन खाली उभा होतो. पाणी बांधाला अडलं, थोडं घुटमळलं आणि आत वळलं. दगडांपाशी गाळ, एक चिप्सचं पाकीट आणि कुणाची तरी चप्पल. आळं भरलं, मग जास्तीचं पुढे गेलं. सकाळी सातला बघितलं तेव्हा तळाशी नुसता ओलावा. चप्पल फळ्याखाली ठेवली आहे, डाव्या पायाची.

तिरकस

फळ्यावर पुढचं नाव कुणाचं? आणि तो पांढरा-निळा रंग कुठला वापरलात, अजून टिकलाय म्हणून विचारतो. आमच्या हरणाचं तोंड धुवावं म्हणतो.

उंडगा

पागोळीताई, फोटो अजून दिसत नाहीत.